नुकताच कुठला पिक्चर पाहिलात? आणि कुठे बसून पाहिलात?

सुरुवात मीच करतो, म्हणजे बाकीच्यांना लिहायला लाज वाटणार नाही. परीक्षण नकोय, तारे नकोत. काय पाहिलंत, कुणाबरोबर पाहिलंत, घरी येताना काय बोलणं झालं, एवढंच. आपल्याकडे पिक्चर बघण्याआधी तिथवर पोचावं लागतं, तेही लिहा.

कुडाळजवळून

गणपतीला आलेले चाकरमानी परत गेले, घर सुनं झालं आणि १२ सप्टेंबर २०२५ ला 'दशावतार' लागला. पहिल्या आठवड्यात तिकीट मिळेना. दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण भाड्याची गाडी करून गेलो, कारण शो सुटल्यावर एसटी नसते. बरोबर आमचे काका होते. काकांनी उमेदीची वीस वर्षं दशावतारात, म्हणजे आमच्या इथल्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट केला. अजूनही पदर सावरल्यासारखा टॉवेल सावरतात.

पूर्वार्ध मला फार आवडला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री आणि त्याचा मुलगा माधव यांच्यातलं प्रेम, चिडचिड, 'बाबा आता पुरे' हे सगळं आमच्या घरातलंच. उत्तरार्धात गोष्ट सूडाकडे वळते आणि मग आवाज वाढतो, लांबण लागते. खाणीचा प्रश्न खरा आहे, पण पडद्यावर तो जरा घाईत उरकला असं मला वाटलं. माझ्या बायकोला नेमका तोच भाग आवडला, त्यामुळे गाडीत वाद झाला.

काका मात्र गप्प. झारापच्या पुढे कधीतरी म्हणाले, "प्रभावळकर एक्याऐंशी वर्सांचो माणूस हो. माका साठीत कमरेक शेलो बांधूक जमना नाय." मग थोड्या वेळाने, "पण आमच्या नाटकात लिवलेला कायएक नसता. पेटाऱ्यार बसान आख्यान ठरयतो आणि रंगार गेल्यार जा तोंडात येयत ता." हे मात्र खरं. समोरचा राजा काय बोलेल ते राणीला ठाऊक नसतं, आणि मजा त्यातच असते. लिहिलेल्या संवादात ती कशी यायची?

घरी आल्यावर काकांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली. आत जरीचं एक पातळ, काळवंडलेल्या मण्यांच्या माळा आणि सफेद्याची डबी. डबी उघडली नाही, कानाशी धरून नुसती हलवून बघितली. आतला रंग दगड झाला होता, खडखडला. परत ठेवली आणि जेवायला बसले.

संगमेश्वरहून

वरचं वाचलं. 'दशावतार' मीही पाहिला, आवडला. पण एक तक्रार बऱ्याच वर्षांची आहे, ती इथे काढतो. पडद्यावर कोकण आलं की माणसं मालवणीच का बोलतात? आमच्याकडे 'माका-तुका' नाही हो! आमची बोली वेगळी, हेल वेगळा. रायगडात गेलात तर आगरी. इथे दशावतार नाही, नमन-खेळे आणि जाखडी. हा गोष्टीचा दोष नाही, ती गोष्ट सिंधुदुर्गातलीच आहे, तिथे मालवणीच हवी. पण मग आमची गोष्ट कोण करणार? संकासुर तर आमच्याकडेही येतो. तुमच्याकडे आडदशावतारात, आमच्याकडे शिमग्यात. काळा पायघोळ, उंच टोपी, पांढरी दाढी, आणि पोरं मागे ओरडत. तो एकटा सीन टाकला तरी थिएटर डोक्यावर घेऊ.

'छावा'बद्दल दोनच ओळी. विकी कौशलने जीव ओतलाय, आवाज मात्र इतका की माझ्या आईने मध्यंतरानंतर कानात पदराचे बोळे घातले. संभाजी महाराज पकडले गेले ते १६८९ साली, आमच्या कसब्यात. आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलो. पिक्चर आल्यावर मात्र रविवारी गाड्यांची रांग. कर्णेश्वराच्या देवळात वर्षभर नसते एवढी गर्दी एका महिन्यात पाहिली. त्यातले निम्मे "ती जागा कुठे" विचारतात आणि फोटो काढून पाच मिनिटांत मार्लेश्वरला पळतात.

हर्णै बंदरावरून

मी बोटीवर तांडेल आहे, म्हणजे बोटीचा म्होरक्या. जून-जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढून शाकारलेली, जाळी शिवून संपली की माणूस दुसरं काय करणार? फोन. यंदा त्यात 'थंडेल' पाहिला. तेलुगू आहे, आम्ही हिंदी डबिंग लावलं, कारण आमच्या बोटीवरचे दोन खलाशी नेपाळचे. नाव ऐकूनच बसलो. थंडेल म्हणजे आमचाच तांडेल! आंध्रात पण तेच म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

गोष्ट अशी की श्रीकाकुळम भागातले कोळी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि चुकून हद्द ओलांडल्यावर पाकिस्तानवाले धरतात. २०१८ साली खरंच घडलेल्या प्रकारावर बेतलेला आहे. तुरुंगातला भाग मला फिल्मी वाटला. घोषणा, मारामाऱ्या, झेंडे. तिथे मी चहा करायला उठलो. पण हद्दीचं जे आहे ते खरं. जमिनीवर दगड पुरता येतो, पाण्यात काय पुरणार? यंत्रात रेघ दिसते. पण जाळं पाण्यात असताना ओढ कुठली आणि वारा कुठला, ते यंत्राला कळत नाही.

वादळाच्या सीनला आमच्यातला म्हातारा खलाशी खो खो हसला. म्हणाला, एवढं बोलायला वेळ कुणाला असतो? खऱ्या वादळात कोणी कुणाशी बोलत नाही. हात दाखवायचा, बस.

साई पल्लवी घरी फोनची वाट बघते, तिथे मात्र कोणी हसलं नाही. थोडं आत गेलं की रेंज जाते, मग वायरलेसशिवाय काही नाही. माझी बायको मागे उभी राहून बघत होती. पिक्चर संपल्यावर भांडी घासता घासता म्हणाली, "तो हिरो निघताना सांगून तरी जातो. तुम्ही पहाटे तीनला उठून दार ओढून घेता, मला कडीच्या आवाजावरून कळतं." नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला उठवून निघालो. तर म्हणे, झोपमोड कशाला केली.

रत्नागिरीतून, सरकारी नोकरीतली नर्स

मी पाहिलेला बहुतेक इथे कोणी पाहिला नसेल. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. पायल कपाडिया यांचा, २०२४ ला कानमध्ये ग्राँ प्री मिळाला तो. रत्नागिरी दिसणार असं ऐकलं म्हणून लावला, तर अर्ध्याहून जास्त वेळ मुंबईच. पाऊस, लोकल, रात्रपाळी. माझ्या बहिणीने वीस मिनिटांत जांभई दिली आणि झोपली. संथ आहे, खोटं कशाला बोलू.

पण मी नर्स आहे, मला संथ वाटला नाही. त्यातल्या दोघी मल्याळी नर्स. एकीचा, प्रभाचा, नवरा जर्मनीला जाऊन बसलाय, फोन नाही, पत्र नाही, आणि एक दिवस तिथून भात शिजवायचा कुकर येतो. ती रात्री जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. मी डबा भरता भरता तशीच थांबले. आमच्या हॉस्टेलमध्ये अशा किती जणी होत्या. पार्सल यायचं, माणूस यायचा नाही.

छाया कदमने केलेली पार्वती मुंबईत बावीस वर्षं राहिलेली आणि कागद नाहीत म्हणून बिल्डर घराबाहेर काढतो. मग ती आपल्या गावी येते, आमच्या किनाऱ्यावर. इथून जाणाऱ्या बायका आपण नेहमी पाहतो, परत येणारी कुठे दाखवतात? समुद्रातून एक माणूस वाहून येतो आणि प्रभा त्याची छाती दाबते, तिथे मी नकळत मोजायला लागले. ही सवय काही जात नाही.

खेडहून

'तुंबाड' २०२४ ला पुन्हा थिएटरला आला, तेव्हा चिपळूणला जाऊन पाहिला. पहिल्यांदा, २०१८ ला, आला कधी आणि गेला कधी कळलंच नाही. तुंबाड आमच्या तालुक्यात, जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे आमच्या पिढीला ते गाव म्हणजे कादंबरी. सिनेमाचा खोतांशी संबंध नाही, घेतलंय ते फक्त नाव. पाऊस मात्र असा की खिशातला रुमाल काढावासा वाटतो.

बाबा गवंडीकाम करायचे. वाडा दिसल्याबरोबर अंधारात मोठ्याने म्हणाले, "हा घाटावरचा. चिरा कुठाय?" पुढच्या रांगेतला चिडून वळला. नंतर कळलं, तो वाडा सासवडचा. बाबांनी आठवडाभर ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली, पिक्चरमधला राक्षस हस्तर वगैरे त्यांना काही आठवत नाही.

गुहागर

माझी नोकरी बदलीची. तीन वर्षांत दुसरा तालुका, मुलगा अकरा वर्षांचा, इथे येऊन चार महिने झाले. शाळेतून येऊन गप्प बसायचा. म्हणून त्याला 'किल्ला' दाखवला. अविनाश अरुण यांचा जुना आहे, २०१५ ला लागला होता. त्याआधी बर्लिनला मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. वडील गेल्यावर आई पुण्याहून कोकणात बदलून येते, मुलाला कोणी मित्र नाही, इथून सुरुवात. मला भीती होती की उलटंच व्हायचं.

मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटं टाकून जातात, तिथे माझा मुलगा माझ्याकडे सरकला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आई, तो बंड्या खरंच वाईट आहे का ग?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? तर म्हणाला, "आमच्या वर्गात पण एक आहे. त्याच्याकडे गरवायची दोरी आहे." आता रविवारी जेटीवर जातात. घरात मासे येत नाहीत, वास मात्र येतो.

देवगड

'मुंज्या' पाहिला, खूप उशिराने. आजी शेजारी होती. पिंपळावरचा मुंजा कॉम्प्युटरने केलेला बघून घाबरायचं सोडून हसली. म्हणते, आमचो मुंजो दिसायचो नाय, म्हणान भय वाटायचा. यापुढे मी काय परीक्षण लिहू?

'नारबाची वाडी' मात्र आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात लागतो, आंबा पेटीत भरून झाला की. खोत म्हाताऱ्याला दरमहा पैसे द्यायचं कबूल करतो, अट एवढीच की मेल्यावर वाडी त्याची. आणि म्हातारा काही मरत नाही! मूळ मनोज मित्रांचं बंगाली नाटक आहे, 'साजानो बागान'. पण मनोज जोशींचा खोत आणि प्रभावळकरांचा नारोबा बघताना बंगाल आठवत नाही. आमच्या बागेपर्यंत गेल्या वर्षी पांढऱ्या गाडीतून दोघे आले होते, "काका, विकायची आहे का?" वडिलांनी सोफ्यावर बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि टीव्हीवर हाच पिक्चर लावला. अर्धा तास बसले बिचारे.

श्रीवर्धन

'आता थांबायचं नाय' काल रात्री घरच्या टीव्हीवर. मुंबई महापालिकेचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघेही नेहमीच्या विनोदी ढंगात नाहीत, आणि ते शोभलंय. आमच्या मोहल्ल्यातल्या बारा-तेरा जणी जमल्या होत्या. आमच्या खालाजान आठवीतून शाळेबाहेर पडलेल्या. त्या पहिल्या पाच मिनिटांपासून रडत होत्या आणि मधूनच "गणिताचा पेपर अवघड असतो, त्याला सांगा" असं पडद्याला सांगत होत्या.

आणि निकाल लागायच्या जरा आधी लाइट गेली. रात्री साडेदहाला गेलेली अजून आलेली नाही, हे मी फोनच्या उरलेल्या अकरा टक्क्यांवर लिहितेय. पास झाले की नापास ते कृपा करून कोणी इथे लिहू नका. खालाजान सकाळपासून दोनदा विचारून गेल्यात.