मदत हवी आहे : टर्नटेबलखाली स्प्रिंग घालू की आधी कार्ट्रिज बदलू?

नमस्कार मंडळी,

टर्नटेबलवर ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकताना दोन त्रास होतात. दोन्हींचं मूळ एक की वेगळं, हे ठरत नाहीये.

आधी संच सांगतो. डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याविना मोटरच थेट थाळी फिरवते) टर्नटेबल, भरीव प्लिंथचं (म्हणजे खालचा पाया भरीव). आत स्प्रिंगवर तरंगणारी सबचॅसी (थाळी आणि आर्म पेलणारी वेगळी चौकट) नाही. वजन सुमारे ११ किलो. टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) इफेक्टिव्ह मास, म्हणजे सुईला जाणवणारं वजन, १२ ग्रॅम. कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे आत चुंबक हलणारं, वजन ७.२ ग्रॅम, कॉम्प्लायन्स (सुईच्या टेकूचा लवचिकपणा) २० (१० हर्ट्झला मोजलेला). फोनो प्रीॲम्पचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पेटीचं) लोडिंग ४७ किलोओहम, वायरसकट कपॅसिटन्स कार्ट्रिजच्या मर्यादेत बसतो. वरच्या सुरांबद्दल काहीच तक्रार नाही. पाणसळ लावून प्लॅटर (फिरती थाळी) सपाट केलंय, सुईचा दाबही काट्यावर तपासलाय.

पहिला त्रास : शेजारून कुणी चालत गेलं की वूफरचे पडदे आतबाहेर हलताना डोळ्यांना दिसतात. तबकडी जराशी वाकडी असेल तर कुणी चाललं नाही तरी हलतात.

दुसरा त्रास : आवाज वाढवला की खर्ज फुगतो, तबल्याचा बायां नुसता घुमत राहतो. तीच मैफल सीडीवर स्वच्छ वाजते. मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली आणि आवाज हळूहळू वाढवला, तर एका टप्प्यावर घूं सुरू होतं आणि वाढतच जातं. म्हणजे स्पीकरचा आवाज फिरून सुईपर्यंत पोचतोय, हे नक्की. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून ठेवलं की हा टप्पा बराच पुढे सरकतो. स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर नाहीत.

पायांखाली रबर आणि बुचाच्या चकत्या घातल्या. टेबलावर टिचकी मारली तर आता ठक्क आवाज कमी येतो, पावलांच्या हादऱ्यांत मात्र रतीभरही फरक नाही.

म्हणून हिशेब मांडला. आर्म १२, कार्ट्रिज ७.२, स्क्रू धरून १, एकूण २०.२ ग्रॅम. त्याला कॉम्प्लायन्सने गुणलं की ४०४. त्याच्या वर्गमुळाने १५९ ला भागलं की ७.९ हर्ट्झ. हा आर्म-कार्ट्रिजचा अनुनाद (ज्या कंपनसंख्येला जोडी आपसूक सर्वांत जास्त थरथरते ती) ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान हवा, कारण तबकडीचा वाकडेपणा आणि पावलांचे हादरे त्याच्या खाली असतात, संगीत वर. चाचणीच्या तबकडीवर माझा आर्म सर्वांत जास्त थरथरतो तो ७ च्या पट्ट्यात. त्यात आरआयएए भरपाईमुळे (तबकडी कापताना कमी केलेला खर्ज प्रीॲम्प परत वाढवतो त्यामुळे) २० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास २० डेसिबलने उचलला जातो, त्यामुळे पडदे हलणारच.

आता खरी अडचण. सगळे सुचवतात की स्प्रिंगचे पाय लाव. पण स्प्रिंगचा स्वतःचा अनुनाद ती वजनाखाली किती दबते त्यावर ठरतो : दबणं सेंटिमीटरमध्ये धरून त्याच्या वर्गमुळाने ५ ला भागायचं. मला मिळू शकणारे पाय ११ किलोखाली अर्धा सेंटिमीटर दबतात, म्हणजे ७ हर्ट्झ. स्प्रिंग हादरे अडवायला लागते ती या आकड्याच्या १.४ पटीपासून, म्हणजे १० हर्ट्झच्या वर. त्याखाली ती अडवत नाही, आणि ७ च्या जवळ तर उलट वाढवते. नेमकं तिथेच माझा आर्म डोलतोय! घुमणं कदाचित थांबेल, पण पावलांनी सुई उडायला लागेल अशी भीती वाटते. ३ हर्ट्झवर उतरायचं तर स्प्रिंग पावणेतीन सेंटिमीटर दबायला हवी, आणि इतक्या मऊ स्प्रिंगवर टर्नटेबल आडवं डुलणार नाही का?

विचारायचंय ते असं :

१. आधी कमी कॉम्प्लायन्सचं कार्ट्रिज घ्यावं का? डेनॉन डीएल-१०३ डोक्यात आहे. त्याचा कॉम्प्लायन्स ५ असला तरी तो १०० हर्ट्झला मोजलेला. १० हर्ट्झसाठी दीड ते दुप्पट धरला तर माझ्या आर्मवर अनुनाद ११ ते साडेबारा येतो. पण ते ०.३ मिलिव्होल्टचं मूव्हिंग कॉइल (आत तारेचं वेटोळं हलणारं), म्हणजे इतका क्षीण सिग्नल वाढवायला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा वेगळा प्रीॲम्प आलाच. की आहे त्याच कार्ट्रिजला हलकं हेडशेल (आर्मच्या टोकाची, कार्ट्रिज बसवायची पट्टी) लावून भागेल? ४ ग्रॅम वाचले तर माझ्या हिशेबाने ८.८ पर्यंत जाता येतं.

२. भिंतीत ठोकलेल्या फळीवर टर्नटेबल ठेवलं तर पावलांचा प्रश्न मुळातच सुटतो, हे पटतं. पण स्पीकरच्या खर्जाने भिंतही थरथरते. फळीवर ठेवून घुमणं वाढल्याचा कुणाला अनुभव आहे का?

३. सबसॉनिक फिल्टरबद्दल (ऐकू न येणारा अतिखालचा खर्ज गाळणाऱ्या फिल्टरबद्दल) मत सांगा. पडदे हलणं त्याने थांबेल, पण सुई खोबणीत डोलायची ती डोलतच राहणार, आणि त्या डोलण्याने लांबलेले सूर हलतात ते फिल्टरने कसे सुधारणार? मला तो शेवटचा उपाय वाटतो.

भरीव प्लिंथच्या टर्नटेबलखाली स्प्रिंग वापरणाऱ्यांनी ती किती दबते आणि आर्मचं इफेक्टिव्ह मास किती, हे दोन आकडे आवर्जून लिहा.