सल्ला हवाय: एका ओळीत ओळखू येतील असे आवाज सुचवा (मुलगा गाणं शिकतोय)

पाचपाखाडी_आई
नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, लहानपणापासून गातो, नौपाड्यात क्लासला जातो. सध्या त्याचा आवाज फुटलाय. परवापर्यंत ज्या पट्टीत आरामात जायचा तिथे आता मधेच चिरकतो आणि मग तो तानपुऱ्याचं अॅप बंद करून उठून जातो. त्यात त्याला सवय अशी की जे ऐकेल ते हुबेहूब करायचं, महेश काळे ऐकले की आठवडाभर महेश काळे, मग राहुल देशपांडे, मग अरिजित. क्लासच्या बाई म्हणाल्या की आत्ता गळ्याला जरा आराम द्या आणि कानाला काम द्या, एकमेकांशी अजिबात न जुळणारे आवाज ऐकवा आणि प्रत्येकात नेमकं काय ऐकायचं ते त्याला सांगा. पहिलं जमेल. दुसरं अवघड आहे, मी मनापासून ऐकते पण त्यातलं शास्त्र मला येत नाही.

तर तुमचे लाडके आवाज सांगा. आणि प्लीज नुसती नावं नकोत, तो आवाज तुमच्या डोक्यातून का जात नाही ते पण लिहा. शास्त्रीय, नाट्यसंगीत, लावणी, जुनी हिंदी, काहीही चालेल. प्रत्यक्ष ऐकायला न्यायचं झालं तर ठाण्यात नाहीतर फार तर वाशीपर्यंत, रविवारी.

वाशी_सेक्टर९
लतादीदी आणि आशाताई, एकामागोमाग. एकाच घरातल्या दोघी बहिणी, वडिलांकडून दोघींच्या कानावर तेच गाणं पडलेलं, आणि तरी पहिल्याच शब्दाला कळतं कोण आहे ते. 'मोगरा फुलला' लावा आणि त्यानंतर आशाताईंची एखादी लावणी नाहीतर कॅबरे. आवाज घरातून येतो का गाणाऱ्याच्या स्वभावातून, हे त्यालाच विचारा.

खर्ज_प्रेमी
ताई, नक्कल करतो म्हणून त्याला आधी अजिबात बोलू नका. कुमार गंधर्व लहानपणी हेच करायचे. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जसंच्या तसं गाऊन दाखवायचे, लोक थक्क व्हायचे, 'कुमार गंधर्व' ही पदवीच त्या वयातली आहे, मूळ नाव शिवपुत्र कोमकली. मग मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकायला आले आणि तिथे एकाच घराण्याला बांधून न घेता सगळ्यांचं गाणं ऐकायला मिळालं. पुढे क्षयाने गाठलं. देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद, १९५२ नंतर परत गायला लागले.

आता त्या आजारानंतरचं गाणं ऐका. लांबलचक दमाचे आलाप कमी झाले. स्वर एकदम येऊन आदळतो, मोठा, भरलेला, आणि पुढच्याच क्षणी आवाज इतका बारीक की आपण पुढे सरकून ऐकायला लागतो, मग शांतता, मग परत. फुप्फुस अधू झालेलं, श्वास लांब पुरत नव्हता, तर जिथे श्वास तुटणार त्या जागाच त्यांनी गाण्यात घेतल्या. 'उड जाएगा हंस अकेला' लावा आणि मुलाला म्हणा की शब्द सोड, सूर पण सोड, फक्त कुठे थांबतात तेवढं बघ. काही लोक म्हणतात सगळं आजारामुळे झालं. मला ते पटत नाही. आजारपण बऱ्याच जणांना येतं, त्यातून गाण्याची नवी चाल शोधणारा एखादाच.

दुसरं नाव गंगूबाई हनगल, आणि हे तर तुमच्या मुलासाठीच. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक आणि गोड होता, त्या काळातल्या रेकॉर्डी मिळतात ऐकायला. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज जाड, खोल, जवळजवळ पुरुषी झाला. बाई थांबल्या नाहीत. जो गळा उरला त्याच्यावर किराणा घराण्याचं गाणं नव्याने उभं केलं आणि पुढची कित्येक दशकं गायल्या. दोन्ही काळातल्या रेकॉर्डी त्याला शेजारी शेजारी ऐकवा, जास्त काही समजावू नका.

आणि नक्कलेचंच बघायचं असेल तर मुकेशचं १९४५ च्या 'पहली नज़र'मधलं 'दिल जलता है', डोळे मिटलेत तर जुना गायक कुंदनलाल सैगलच गातोय. किशोरकुमारचं 'ज़िद्दी'मधलं १९४८ चं गाणं पण चक्क सैगलच्या वळणाचं. पुढे दोघं कुठल्या कुठे गेले, आणि एकमेकांपासून पण किती लांब गेले.

ऐरोली_साउंड
मी मिक्सिंगचं काम करतो म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो, कंटाळा आला तर पुढची पोस्ट वाचा.

स्वर किती उंच ते घशातल्या स्वरतंतूंवर ठरतं. मुलांचे या वयात ते लांब आणि जाड होतात म्हणून आवाज साधारण एक सप्तक खाली येतो आणि स्थिर होईपर्यंत मधेच सटकतो. काळजीचं कारण नाही, फक्त जुन्या पट्टीसाठी ओढून गाऊ देऊ नका, बाईंना पट्टी उतरवायला सांगा. पण आवाजाचा रंग, म्हणजे ज्यावरून आपण माणूस ओळखतो, तो वरच्या पोकळीत तयार होतो, घसा, तोंड, जीभ, जबडा, प्रत्येकाची ठेवण वेगळी. म्हणून एकाच काळी दोनच्या (पेटीवरची दुसरी काळी पट्टी) सा वर दोघं गायक उभे केले तरी दोन आवाज ऐकू येतात. ऑपेरावाल्यांवर अभ्यास झालाय, तयार गळ्यात तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक जोर तयार होतो आणि माणसाचा कान त्या भागात फार तिखट असतो, त्यामुळे अख्ख्या वाद्यवृंदावरून तो एकटा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, माइक नसताना.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. ऑटोट्यून, म्हणजे स्वर सुधारणारं सॉफ्टवेअर, १९९७ साली आलं. टेक (रेकॉर्ड केलेलं गाणं) आला की स्वर जागेवर बसवायचे, श्वास कापायचे, लहान-मोठा आवाज एका पातळीला आणायचा. हलक्या हाताने केलं तर कळत पण नाही आणि मी त्याच्या विरोधात नाही, पोट त्यावर आहे. पण हात जड झाला की गायक स्वरापर्यंत ज्या वाटेने पोचतो ती वाटच पुसली जाते, खालून हळूच वर येणं, कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), शेवटी आवाज सोडताना होणारी किंचित घसरण. माणूस ओळखू येतो तो तिथेच. मुलाला आजची गाणी सारखी वाटत असतील तर त्याचा कान बरोबर आहे.

म्हणून माझी शिफारस तलत महमूद. 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल', १९५० चा 'आरज़ू'. आवाजात बारीक कंप आहे, सुरुवातीला लोकांना वाटायचं हा घाबरून थरथरतोय, आणि संगीतकार अनिल विश्वासनी तोच कंप हवा म्हणून धरून ठेवला. (मुकेशचं 'दिल जलता है' पण त्यांचंच, काय कान असेल त्या माणसाचा!) आज हा टेक माझ्याकडे आला तर क्लायंट सगळ्यात आधी कंप काढायला लावेल. दुसरी बेगम अख्तर. वर जाताना त्यांचा आवाज एका जागी तडकतो, आणि जाणकार मंडळी त्या तडकण्याचीच वाट बघत बसायची.

आणि हो, फोनच्या स्पीकरवर नको. खर्ज, म्हणजे खालचे स्वर, त्यातून येतच नाही, गंगूबाई फुकट जातील. साधे वायरवाले इयरफोन पण चालतील.

नौपाडा_जुने
वरच्या पोस्टी आवडल्या पण तुटलेल्या, अधू आवाजांचं हे कौतुक मला पुरतं पटत नाही. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजात काय तुटलंय? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक अशी ५६ गाणी, रेडिओवर वेगवेगळ्या गायकांनी गायली आणि पुढे कार्यक्रमांतून बाबूजी सगळी एकटे गायचे. राम, कौसल्या, सीता, भरत सगळे त्याच गळ्यातून. आवाज बदलून नाही हं, कुठलाही नाटकीपणा नाही. शब्द. प्रत्येक अक्षराला त्याची जागा, ण हा ण आणि न हा न, जोडाक्षर कधी गिळलेलं नाही, आणि अर्थ वळला की शब्दावरचा भार वळतो. माझ्या वडिलांना गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं पण गीतरामायण लागलं की अख्खं घर गप्प करायचे, कारण त्यांना ती गोष्ट ऐकायची असायची.

याच कारणासाठी सुलोचना चव्हाण. आधी सुलोचना कदम नावाने हिंदी सिनेमात गायच्या, मग लावणीत आल्या. 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला' नीट ऐका, 'फ' कसा फुटतो, 'ड' कसा आपटतो, ठेका ढोलकीच्या आधी त्या व्यंजनांनीच धरलाय. स्टेजवर डोक्यावरून पदर घेऊन एका जागी उभ्या राहून गायच्या, हातवारे नाहीत, मुरका नाही. सगळी अदा आवाजात. आज लावणी म्हटलं की लोकांना आधी नाच दिसतो, पण यांची लावणी डोळे मिटून ऐकली तरी काही कमी पडत नाही.

आणि अरुण दाते, 'शुक्रतारा मंद वारा'. तान नाही, मोठी फेक नाही, रेंज पण काही अफाट नाही. पण आवाजात एक सभ्य ओलावा आहे जो पाडगावकरांच्या शब्दांना आणि खळ्यांच्या चालीला अगदी तेवढाच पुरतो, ना जास्त ना कमी. तुमच्या मुलाला हे कळलं की लहान आवाजाचं पण मोठं गाणं होतं, तर माझ्या मते निम्मं शिक्षण झालं.

खर्ज_प्रेमी
बाबूजींचं एकदम मान्य. पण बघा, तुम्ही दात्यांबद्दल जे लिहिलंत तेच मी म्हणतोय. जेवढा गळा आहे तेवढ्यातच घर बांधायचं. गंगूबाईंनी तेच केलं.

घणसोली_गाव
तुम्ही सगळे रेकॉर्डवरच्या आवाजांचं बोलताय. मी जरा गावातलं सांगतो.

आमच्या आगरी लोकांत लग्नात धवलारीण असते, धवला म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी बाई. पूर्वी लग्नच ती लावायची, आता भटजी येतात पण जुन्या घरांत धवला अजून म्हणतात. माझ्या लग्नात आमच्या आळीतली एक आजी होती, सत्तरी पार केलेली, दात निम्मे गेलेले. मांडवात हळदीचं चाललेलं, बाहेर डीजे, आणि ती पाटाशेजारी बसून मांडीवर सूप घेऊन तांदूळ चाळवत म्हणत होती. चाल म्हणाल तर जेमतेम चार सूर, वर खाली, परत तेच, एकेक देव, एकेक नातं नाव घेऊन बोलवायचं. आवाज कोरडा. पण ओळीचा शेवट आला की ती श्वास घ्यायची आणि ती घेतीये तोवर शेजारची दुसरी बाई शेवटचा शब्द उचलायची, मग ही परत पुढची ओळ, त्यामुळे मधे फट अशी पडायचीच नाही. तासभर तरी चाललं असेल. कोणीतरी जाऊन डीजे बंद केला, आपणहून, कोणी सांगितलं नव्हतं.

तो आवाज सुंदर होता का मला माहीत नाही. पण आमच्या घरात कोणाचंही लग्न निघालं की आधी तोच कानात येतो. आता आजी नाहीत, आणि मोबाइलमधे फक्त अर्धी क्लिप आहे तीपण डीजेसकट. म्हणून हात जोडून सांगतो, ज्यांच्या गावात धवलारीण आहे त्यांनी शांत जागी बसवून नीट रेकॉर्ड करून घ्या. ऐरोलीच्या दादांसारखे लोक मदत करतील तर आणखी बरं.

अजून एक नाव, प्रल्हाद शिंदे. 'पाऊले चालती पंढरीची वाट'. छाती उघडून, मोकळा गळा, जरा पण लपवाछपवी नाही. आम्ही ते गाणं आधी देवळाच्या भोंग्यावरच ऐकलं आणि भोंग्यावर पण तो आवाज खराब झाला नाही.

ऐरोली_साउंड
@घणसोली_गाव खरंच रेकॉर्ड करू. माझ्याकडे पोर्टेबल रेकॉर्डर आहे आणि घणसोली मला पुढचं स्टेशन सोडलं की आलंच. मेसेज करा, पैशाचा विषय नाही.

पाचपाखाडी_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री गंगूबाईंच्या दोन्ही रेकॉर्डी लावल्या. तो म्हणाला ही दुसरी बाई आहे. मी सांगितलं तीच आहे, तर परत पहिली लावली, मग दुसरी, मग काही न बोलता आत जाऊन खालच्या पट्टीत सा लावून बसला.

आता एक शंका. 'उड जाएगा'सारखी निर्गुणी भजनं त्याला जड जातील असं वाटतंय, कुमारांचं काही सोपं आहे का? आणि लाइव्ह कुठे न्यावं? मागे एका मोठ्या कार्यक्रमाला नेलं होतं तर आवाज इतका कर्कश होता की तो मध्यंतरातच कंटाळला.

नौपाडा_जुने
कुमारांचं 'ऋणानुबंधाच्या' लावा, वाणी जयराम यांच्याबरोबरचं, 'देव दीनाघरी धावला' नाटकातलं. दोन आवाज शेजारी शेजारी ऐकू येतात, एक टोकदार आणि एक तलम, आणि चाल पटकन लक्षात राहते. त्यानंतर 'अजुनी रुसून आहे'. निर्गुणीला तो स्वतःच येईल, घाई करू नका.

लाइव्हसाठी मोठे मंडप, दिवाळी पहाटचे चौक वगैरे आत्ता टाळा. तलावपाळीची गर्दी उत्साहाला छान आहे, कानाला नाही. गडकरी, घाणेकर किंवा वाशीचं भावे ही नाट्यगृहं चालतील, पण त्याहून चांगलं म्हणजे घंटाळीला सहयोग मंदिरात नाहीतर कोणाच्या हॉलमधे छोटी बैठक असते ती. तिकीट कमी, कधी कधी मोफतच. पहिल्या दोन रांगांत बसवा म्हणजे स्पीकरच्या आधी गळा ऐकू येतो, आणि तंबोरे जुळवत असतात तेव्हापासून बसवा, उशिरा जाऊ नका.

वाशी_सेक्टर९
भावेला बाल्कनी घेऊ नका. आणि किशोरीताई आमोणकर कोणीच कशा लिहिल्या नाहीत अजून?? 'सहेला रे', राग भूप. पूर्ण ऐकवा, तुकडा नको.

खर्ज_प्रेमी
किशोरीताईंवर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाहीत. मी येतोच तिकडे.