मदत हवी आहे – आईच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलाय

नमस्कार मंडळी, आई ७४ची, आम्ही कोथरूडला राहतो. रिपोर्टमध्ये मेंदूतला दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस आकसलाय असं आलंय, डॉक्टरांनी पाच मिनिटांत बोळवण केली म्हणून आता मीच वाचत बसलेय. कानशिलाच्या आत खोलवर दोन्हीकडे एकेक असतो, समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव, आणि नवीन आठवण पक्की करायचं काम त्याचं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या फिट्स थांबवायला तो बराचसा काढून टाकला तर नवीन काही लक्षातच राहीना, पण आरशात बघून चित्र गिरवायला मात्र ते सरावाने शिकले, आधी कधी केलंय हे आठवत नसूनसुद्धा!

आईचं मला तसंच वाटतं. जेवून हात पुसता पुसता विचारते, "जेवायचं कधी गं?" पण उकडीच्या मोदकाच्या कळ्या अजून एकसारख्या पाडते, बोटं अडत नाहीत. परवा तुळशीबागेतून बाहेर पडताना लक्ष्मी रोड कुठल्या बाजूला तेच कळेना, माझा हात घट्ट धरून उभी राहिली. जागेची ओळख ठेवणाऱ्या पेशीही हिप्पोकॅम्पसमध्येच असतात, त्या शोधाला २०१४चं नोबेल मिळालंय.

तर विचारायचं हे की गोळ्यांचा डबा, बाथरूमची वाट असं रोज हाताने करून घेतलं तर सवय म्हणून टिकतं का? कोणी घरी करून बघितलंय का? आणि पुण्यात निवांत समजावून सांगणारे न्यूरोलॉजिस्ट माहीत असतील तर प्लीज कळवा, पुढच्या आठवड्यातच दाखवायचंय.