खजूर ताडाच्या जवळचा आणि नारळ लांबचा?? पानं बघून तर उलटं वाटतं

पानवेडा:
मंडळी एक शंका आहे, बरेच दिवस डोक्यात घोळतेय. नारळ, पोफळ, खजूर यांची पानं पिसासारखी आणि ताडाचं पंख्यासारखं, त्यामुळे मी आपले मनातल्या मनात दोन गट पाडून ठेवले होते, पिसवाले इकडे नि पंखेवाले तिकडे. आणि काल एका तक्त्यात बघतो तर खजूर चक्क ताडाच्या शेजारी, नारळ भलतीकडेच. तक्ता चुकलाय की मी? आणि हे सगळे गवताचे भाऊबंद म्हणतात ते खरंय का?

मूळशोध:
तक्ता बरोबर आहे 🙂 पाम म्हणजे अरेकेसी कुळ, साधारण २६०० जाती, उपकुळं पाच. ताड आणि खजूर कोरिफॉइडी मधले, नारळ-पोफळ अरेकॉइडी मधले. वेत पण पामच आहे बरं का, त्याचं कॅलॅमॉइडी, ही फांदी सगळ्यात आधी वेगळी झाली. मग निपा, खाडीच्या चिखलात वाढतो, त्याच्या उपकुळात आज ही एकच जात उरलीय, पण जुन्या काळी पसारा मोठा होता, लंडनच्या चिकणमातीत सुद्धा त्याची जीवाश्म फळं सापडतात. पाचवं सेरॉक्सिलॉइडी, अँडीजमधले मेणाचे पाम त्यातले.
गवताचं म्हणाल तर सख्खे नाहीत, चुलत. गवतं, केळी-आलं आणि पाम हे एकबीजपत्रींच्या एकाच मोठ्या गटात येतात एवढंच. "नारळ म्हणजे उंच गवत" हे ऐकायला मजेशीर आहे पण चूक आहे.

रानवाट:
पानवेडा, पंखा की पीस हे बघूच नका, ते फसवतं. पातीची घडी बघा. खजुराची पाती वर उघडी असते, पन्हळीसारखी, पाणी ओतलं तर वाहत जाईल. नारळाची उलटी, कौलारू छपरासारखी. ताडाच्या पंख्याच्या घड्या पण खजुरासारख्याच, म्हणून ते एका घरातले. आणि गंमत म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मॉरिशिया, पान पंख्याचं पण तो निघतो वेताच्या घरातला, फळावर वेतासारखेच खवले. म्हणजे पंखा एकदाच नाही आलेला, वेगवेगळ्या फांद्यांवर आपापला आलाय.
नारळाचा जवळचा नातेवाईक बघायचा तर पामतेलाचं झाड. नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात ना, त्याच्या बीच्या कवचालाही तसेच असतात.

शेवंती:
मग कुंडीत लावतात तो सागो पाम यातला कुठला?

मूळशोध:
कुठलाच नाही ताई. तो सायकस, त्याला फुलं येतच नाहीत, शंकू येतात, म्हणजे पाइनसारख्या अनावृतबीजींकडचा. ट्रॅव्हलर्स पाम पण पाम नाही, तो केळीच्या बाजूचा. नाव पाम असलं की पाम असं अजिबात नसतं, नर्सरीवाल्यांनी नुसता घोळ घातलाय.
आणि खोड बघा. आंब्याचं खोड वर्षागणिक जाड होतं कारण त्यात एधा, म्हणजे खोडाला जाडी देणारा पेशींचा थर, असते. पामला ती नाहीच. रोप आधी जमिनीलगत हवी तेवढी जाडी करून घेतं, त्यात वर्षं जातात, आपल्याला वाटतं झाड वाढतच नाहीये, आणि मग ते वर निघतं.

पानवेडा:
पन्हळीचं एकदम डोक्यात बसलं 👍 पण मग भेरली माड? नावात माड आहे पण ती पानं नारळासारखी मुळीच नाहीत, माशाच्या शेपटीसारखी दिसतात.

रानवाट:
माड फक्त नावाला. पाती पन्हळीचीच, म्हणजे तो पण ताड-खजुराच्याच घरातला. त्याचा फुलोरा आधी शेंड्याला येतो, मग खालीखाली येत जातो, आणि सगळ्यात खालचा फळून झाला की ते खोड मरतं.