कापरेकर संख्यांच्या यादीत ६१७४ का येत नाही?

प्रश्न
१०,००० पर्यंतच्या कापरेकर संख्या काढणारा प्रोग्रॅम लिहिलाय. ४५, २९७, ७०३ येतात, पण ६१७४ येत नाही. एका यादीत ४८७९ दिसते, तीही माझ्याकडे नाही. शिवाय ६१७४ कडे नेणारी वजाबाकी (चार अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लावून वजा करायचे, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच) वेगळी लिहिली, तर २१११ ला उत्तर ० मिळतं. कुठे चुकतंय?

उत्तर १
६१७४ यायलाच नको. कापरेकर संख्या आणि कापरेकर स्थिरांक (त्या वजाबाकीत शेवटी येणारा ६१७४) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संख्येसाठी वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज घ्यायची: ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६; ३८११ + ८२७६ = १२०८७. जुळत नाही.

४८७९ चा प्रश्न व्याख्येचा आहे. वर्ग २३८०४६४१. उजवीकडे ४ अंक घेतलेत तर ती सुटते; ५ घेतलेत तर २३८ + ०४६४१ = ४८७९. दोन्ही व्याख्या रूढ आहेत. कुठेही तोडायची मुभा देणार असाल, तर उजवा तुकडा शून्य नसावा ही अट घालाच, नाहीतर १०, १००, १००० आत शिरतात.

उत्तर २
२१११ − १११२ = ९९९. इथे पुढचं शून्य गळालं, म्हणून पुढे ९९९ − ९९९ झालं. ०९९९ असे चार अंक ठेवा: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. चारही अंक सारखे असलेल्या संख्या आधीच वगळा. जास्तीत जास्त ७ पायऱ्या लागतात. तपासायला २००५ घ्या, तिला पूर्ण ७ लागतात.

उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी नेहमी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते. त्यामुळे पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ शक्यता उरतात, त्या हातानेही तपासता येतात. तीन अंकांना ४९५ मिळतो. दोन अंकांना स्थिरांकच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं. थांबायची अट नसेल तर लूप संपणार नाही.

उत्तर ३
६१७४ हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी संख्या, मात्र आहे: अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. हर्षद हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनीच दिलेलं. परदेशी लिखाणात याच संख्या निव्हेन संख्या म्हणून येतात, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाका. मराठीत लिहिताना तरी हर्षदच लिहावं असं मला मनापासून वाटतं.