मॅग्नेशियमला 'गंज' चढतो का? करोझनसाठी मराठी शब्द हवाय

चाकणकर: कॉलेजच्या पोरांसाठी ओतीव मॅग्नेशियम मिश्रधातूंवर मराठीत टिपण लिहितोय, त्यात सूक्ष्मरचना (मायक्रोस्कोपखाली दिसणारी आतली रचना) आणि करोझन (रासायनिक क्रियेने धातू खाल्ला जाणं) असं दोन्ही येतं. करोझनला सरळ गंज म्हणू का? संक्षारण लिहिलं तर पोरं तिथंच थांबतील, आणि क्षरण म्हटलं की काहींना जमिनीची धूप आठवते.

धातुवेडी: गंज नको हो दादा. गंज म्हणजे लोखंडाचाच, लाल-तपकिरी. मॅग्नेशियमचा तुकडा मिठाच्या पाण्यात टाकून बघा, लगेच बारीक बुडबुडे सुटायला लागतात, तो हायड्रोजन, मग काळपट डाग पसरतात आणि वर पांढुरकं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड साचतं, ते खरवडलं की खाली खड्डे. यात गंजासारखं काहीच दिसत नाही, पोरं लाल रंग शोधत बसतील. मी क्षरण लिहीन.

पत्रेवाला: आमच्या शॉपवर 'पांढरा गंज' म्हणतात की, सगळ्यांना कळतं.

धातुवेडी: तो गॅल्वनाइज्ड पत्र्यावरच्या जस्ताचा ना? तिथं तो शब्द पक्का बसलाय, मॅग्नेशियमला लावला तर जस्ताचंच काहीतरी चाललंय असं वाटेल.

कोल्हापुरी: 'कळकणे' कसा वाटतो? बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तिथंही धातूच विरघळतो.

धातुवेडी: शब्द सुंदर आहे पण कळकतं ते ताक, भांडं नाही. आपल्याला धातूचं काय होतं ते सांगायचंय.

खरी अडचण मला पुढे दिसते, ग्रेनला, म्हणजे धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनतो त्यांना, 'कण' लिहिलंत तर. एझेड ९१ हा मॅग्नेशियम मिश्रधातू घ्या, म्हणजे सुमारे ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १ टक्का जस्त. ओतल्यावर थंड होताना आधी मॅग्नेशियमचे ग्रेन तयार होतात, अ‍ॅल्युमिनियम उरलेल्या द्रवात साठत जातं आणि शेवटी ग्रेनच्या कडेकडेने बीटा नावाची प्रावस्था (फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचा भाग) गोठते, १७ अणू मॅग्नेशियमला १२ अणू अ‍ॅल्युमिनियम अशा प्रमाणाची. ही बीटा सलग जाळीसारखी पसरली तर क्षरणाला अडवते, आणि तुटक तुटक राहिली तर उलट कॅथोड (जोडीतली स्वतः न झिजणारी बाजू) होऊन शेजारचं मॅग्नेशियम खायला लावते. त्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण वेगळे, ते तर फारच वाईट, म्हणून त्याच्याच एझेड ९१ डी या प्रकारात लोखंड ०.००५ टक्क्यांच्या आत ठेवतात आणि मँगनीज घालून त्याचा उपद्रव कमी करतात. आता ग्रेन पण कण, बीटाचे तुकडे पण कण, लोखंडाचे पण कण, मग कोण कुणाला खातंय हे वाचणाऱ्याला कळणारच नाही!! ग्रेनला स्फटिककण म्हणा, कडेला स्फटिकसीमा, आणि कण हा शब्द बाकीच्यांसाठी राखून ठेवा.

पत्रेवाला: हे पटलं. आणि दोन धातू लागून असले की त्यातला एक झिजतो, त्या करोझनचा 'गॅल्व्हानिक' हा शब्द तसाच ठेवू नका, आमच्याकडे गॅल्व्हानिक म्हटलं की जस्ताचा मुलामाच डोळ्यासमोर येतो. मॅग्नेशियमच्या हाउसिंगला स्टीलचा बोल्ट लावला की बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्या डोक्याभोवती हाउसिंगला गोल चर पडतो, म्हणून मधे अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर टाकतात. याला शब्द काय?

कोल्हापुरी: द्विधातू क्षरण. दोन धातू लागतात हे नावातच आलं.

चाकणकर: लागतात तर खरे, पण ताई, बीटाचं प्रकरण एकाच मिश्रधातूच्या आत घडतं ना, तिथं द्विधातू कसं चालेल?

धातुवेडी: नाही चालणार, बरोबर धरलंत. बोल्टसाठी द्विधातू क्षरण लिहा आणि आतल्यासाठी सूक्ष्म-गॅल्व्हानिक ठेवा, पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत समजावून सांगा की तत्त्व बोल्टचंच, फक्त दोन प्रावस्थांमध्ये, मायक्रोस्कोपखाली दिसेल एवढ्या अंतरावर.

चाकणकर: मग वाक्य असं करतो: 'स्फटिकसीमेवरची बीटा प्रावस्था सलग नसेल तर तिच्या लगतच्या मॅग्नेशियमचं क्षरण वेगाने होतं.' चालेल?

धातुवेडी: 'वेगाने' च्या आधी 'मिठाच्या पाण्यात' टाका, कोरड्या हवेत एवढं नाही होत.