ठमीच्या कानाचं ऑपरेशन झालंय, चार दिवस काही खात नाही, कोरड्यात किती दिवस ठेवायचं?

साखळीकरीण:
नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. आमची ठमी म्हणजे रेड इअर्ड स्लायडर जातीचं पाण्यातलं कासव, ९ वर्षांची. गेल्या महिन्यात तिच्या डाव्या डोळ्याच्या मागे फुगवटा दिसायला लागला, आधी वाटलं दगडावर आपटली असेल, जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले सर्दी आहे, डोळ्यात ड्रॉप्स घाला. आम्ही पंधरा दिवस नेमाने घातले आणि तेवढ्यात ती हरभऱ्याएवढी गाठ सुपारीएवढी झाली. मग पणजीला कासवं-सरडे बघणारे डॉक्टर मिळाले, त्यांनी बघताक्षणी सांगितलं कानात पू झालाय, कापूनच काढावा लागेल.

शनिवारी ऑपरेशन झालं. मला वाटलेलं पातळ पू निघेल, पण त्यांनी गॉझवर ठेवून दाखवला तो पिवळा घट्ट गोळा, वाळत आलेल्या पनीरसारखा, चिमट्याने अख्खा निघाला. टाके घातलेच नाहीत, भोक तसंच उघडं आहे, आत बघितलं की पोटात कालवतं. रोज दोनदा पातळ बीटाडीनने धुवायचं, मलम लावायचं, दर तिसऱ्या दिवशी पुढच्या पायात इंजेक्शन, आणि पोहायला सोडायचं नाही.

आता ती टबात जुन्या टॉवेलवर आहे, दिवसभर प्लास्टिक खरवडते आणि मी जवळ गेले की मान वर करून बघत राहते. चार दिवस एक घास नाही, गाजराचा कीस तोंडापुढे धरला तरी तोंड फिरवते. जखम उघडी ठेवणं बरोबर आहे ना? सासूबाई म्हणतात हळद भर. त्यात पाऊस, करंट जातो, दिवा बंद पडतो. कोणी हे केलंय का?

पेडण्याचा_दादा:
ताई, आमच्या कासवाचं हेच झालं होतं, दोन्ही कानांना. हळद अजिबात भरू नका, कुठलीच पूड नको, आत चिकटून बसते आणि खालून परत पू धरतो. उघडं ठेवलंय ते बरोबरच आहे. कासवाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट होतो, म्हणून वरून शिवलं तर आत राहिलेला बाहेर यायला वाट नाही. जखम आतून वर भरत यायला हवी. आमच्याकडे भोक बुजायला महिन्याच्या वर गेला, रोज बघितलं की काहीच फरक दिसायचा नाही, म्हणून मी दर रविवारी त्याच दिव्याखाली फोटो काढायचो, तेव्हा कळायचं.

आणि खात नाही म्हणून घाबरू नका, ती कोरड्यात खाणारच नाही! पाण्यातली कासवं घास पाण्याबरोबरच गिळतात. डॉक्टरांना फोन करून विचारा की दिवसातून एकदा उथळ पाण्यात बसवू का, आम्हाला परवानगी दिली होती. हनुवटीपर्यंतच कोमट पाणी, अर्धा-पाऊण तास, तिथेच खाणं, तिथेच पाणी पिणं. बेत असा करा की आधी पाणी आणि मग जखम धुणं, म्हणजे पाण्यातली घाण आत राहत नाही. उलटं केलंत तर मलम वाहून जाईल.

म्हापसा_पेट्स:
मी चार वर्षं एका प्राण्यांच्या दवाखान्यात हाताखाली काम केलंय, डॉक्टर नाही, तरी दोन गोष्टी सांगते. पहिली ऊब. कासव स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, अंग गार असलं तर औषधही नीट चालत नाही आणि जखमही भरत नाही. टबाची हवा २७-२८ डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका आणि एका कोपऱ्यात दिव्याखाली ३२ च्या आसपास, पण तिला बाजूला सरकता आलं पाहिजे. थर्मामीटर टबात ठेवा, अंदाजावर राहू नका. करंट गेला की गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबात ठेवायची आणि वर चादर, आम्ही पावसाळ्यात हेच करायचो. यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा, वेगळा लागतो आणि तो पेटत असला तरी वर्षभरात निकामी होतो, तुमचा कधीचा आहे?

इंजेक्शन पुढच्या पायात का, तर मागच्या अंगाचं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं, तिथे औषध अंगाला लागायच्या आधीच गळून जाऊ शकतं. म्हणून घरी देताना चुकूनही मागच्या पायाला टोचू नका. अंतर दिलंय ते तसंच पाळा, यांच्या अंगात औषध खूप वेळ टिकतं, एक डोस जास्त झाला तर त्रास मूत्रपिंडाला.

आता मला सांगा, तिला आजवर काय खायला घालत होता?

साखळीकरीण:
सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी. बाजारातून डबा आणायचो, आवडीने खायची. कधीतरी कोबीचं पान. यूव्हीबी दिवा तीन वर्षांपूर्वीचा 😔

म्हापसा_पेट्स:
बाय, हेच मूळ आहे. नुसत्या सुक्या सुंगटांत व्हिटॅमिन ए पुरत नाही, ते कमी पडलं की कानातली आतली त्वचा जाड होऊन निघायला लागते आणि तिथे पू साचतो. स्लायडरला हे फार होतं. तुमची चूक म्हणून मनाला लावून घेऊ नका, दुकानदार हेच देतो. पण आता बदला, नाहीतर दुसऱ्या कानाला होईल. कासवांच्या गोळ्या, गाजर, तांबडा भोपळा, आठवड्यातून एकदा कोंबडीच्या कलेजीचा नखाएवढा तुकडा. व्हिटॅमिन एचं इंजेक्शन स्वतः मागून घेऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलून निघते, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मये_परिसर:
एवढा त्रास कशाला, बरी झाली की तळ्यात सोडून द्या, मोकळी राहील बिचारी.

पेडण्याचा_दादा:
नको हो. ही अमेरिकेतली जात आहे, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, आपल्या तळ्यांत सोडली तर इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावते. पावसात शेतात येतं ते आपलं कासव वेगळं, त्याला उलट घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे. ९ वर्षं सांभाळलेली ठमी घरीच राहू दे.

ताई अजून एक, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू नका, वेगळा काटा घ्या आणि दर दोन दिवसांनी वजन लिहून ठेवा. टब मोरीत धुवा, भांड्यांच्या सिंकमध्ये नाही, आणि हात साबणाने. यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच सांभाळा.

साखळीकरीण:
डॉक्टरांना फोन केला, उथळ पाण्याला हो म्हणाले. नवीन दिवा आणला, थर्मामीटर आणलं. काल संध्याकाळी हनुवटीएवढ्या पाण्यात बसवली, पंधरा मिनिटं नुसती बसून राहिली, मग मान खाली घालून गटागटा पाणी प्यायली, गळा हलताना दिसत होता. कलेजीचा तुकडा नाकापुढे सोडला, तीनदा वास घेतला आणि गपकन ओढला. मी तिथेच मोरीत बसून रडले. वजन ७६० ग्रॅम, लिहून ठेवलंय. रविवारी फोटो टाकते. देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं.